पंचावन्न इंची टीव्ही : निरीक्षणे व शेरे

८ ऑक्टोबर, सकाळी

जुना टीव्ही संपला, असं आज मी घरात जाहीर केलं. कुणाला पटलं नाही. चालू तर आहे, आवाज येतो, चित्र दिसतं, असं त्यांचं म्हणणं. पण चित्र म्हणजे कसं? गेलं वर्षभर त्यावर धुरळा बसल्यासारखं दिसतंय. पुसलं तरी तसंच. हिरवं शेत पिवळट दिसतं. बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं एकमेकांत शिरतात. अकरा वर्षांचं यंत्र, वय झालं. जनावर असो की यंत्र, वय डोळ्यांत दिसतं, हे मी नोकरीत हजारदा सांगितलेलं आहे.

ही वही कुणी वाचणार नाही, तरी नोंद पूर्ण असावी ही सवय. मी मानसिंग, मुक्काम वरकुटे, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. तेहतीस वर्षं इंदापूर तालुक्यातली जनावरं तपासली. आमच्या घराण्यात नजर आहे. तात्या म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी, कागदोपत्री बिरू. तरुणपणी दीडशे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि एकेक मेंढरू तोंडावरून ओळखायचे. आता सहाच उरलीत, तीही तात्यांच्या हट्टापायी. नजर मात्र सगळी माझ्याकडे आली.

ठराव : ओएलईडी घ्यायचा. घेतल्यावर महिनाभर शास्त्रीय तपासणी करायची. भावनेच्या भरात शेरा मारायचा नाही.

१२ ऑक्टोबर

बारामती. सोबत शेळगावचे आबासाहेब. जुने मित्र. माझी नजर पडल्याशिवाय हा माणूस साधी शेळी घेत नाही. त्यांनाही टीव्ही घ्यायचाय, पण माझा रिपोर्ट आल्यावर.

दुकानात अंधाऱ्या खोलीत डेमो. विक्रेता म्हणाला, यात काळा म्हणजे खरा काळा, कारण प्रत्येक ठिपका स्वतःचा स्वतः विझतो. मी जवळ जाऊन पाहिलं. फूटभर अंतरावरून चित्र अप्रतिम. मधमाशीच्या पायाचे केससुद्धा मोजता येतात. मागे उभं राहून पाहायचा विक्रेत्याचा आग्रह होता, पण तपासणी कशी करायची हे मला शिकवू नका, असं त्याला नम्रपणे सांगितलं. आबासाहेब म्हणाले, 'आवं मानसिंगराव, बोकड हाय का त्यो, दात बघायला?' दुकानातली चारदोन माणसं हसली. मी मनावर घेतलं नाही.

पसंत केला. महिनाभरात पॅनेलमध्ये दोष निघाला तर बदलून देणार, हे लिहून घेतलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

टीव्ही आला. ऋतिक नावाचा टेक्निशियन आला आणि तासाभरात भिंतीवर लावून मोकळा. सिंधू, म्हणजे आमची मंडळी, हळदकुंकू घेऊन आली. काचेवर लावू नका म्हणून ऋतिक काकुळतीला आला, तेव्हा तिने खालच्या पट्टीवर बोट टेकवलं. नारळ अंगणात फोडला.

जुना टीव्ही तात्यांच्या खोलीत गेला. तात्या खूश. त्यांना त्यात काही कमी वाटत नाही, वयोमानाने अपेक्षा राहत नाहीत.

पहिला शेरा. बांधा : सडपातळ, डौलदार. सर्वसाधारण प्रकृती : उत्तम. आवाज : खणखणीत. चित्र, सोफ्यावरून : थोडं धूसर. नवीन आहे, जागा बदलली की जनावरसुद्धा दोन दिवस बावरतं. रुळेल.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन झालं. यंदा पणत्यांचं तेल भेसळीचं असावं. प्रत्येक ज्योतीभोवती गोल रिंगण दिसत होतं. सिंधूला सांगितलं तर ती माझ्याकडे बघत राहिली.

२३ ऑक्टोबर, दुपारी

गंभीर बाब. टीव्हीवर अंधारात दिवा दाखवला की त्या दिव्याभोवतीही रिंगण दिसतं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून अभ्यास केला. याला ब्लूमिंग म्हणतात. हा दोष साध्या टीव्हीत असतो, ओएलईडीत असूच शकत नाही. असूच शकत नाही आणि आमच्याकडे आहे. म्हणजे आतलं पॅनेल वेगळंच भरलंय.

युवराजला, म्हणजे मुलाला, दाखवलं. तो बारामती एमआयडीसीत मशीनवर असतो, बारीक काम करतो. म्हणाला, 'पप्पा, काय न्हाय, झकास दिसतंय.' सूनबाई मनिषाला विचारलं, तिलाही काही दिसलं नाही. दोघांचीही नजर तयार नाही. दोष दिसायला शिक्षण लागतं.

२४ ऑक्टोबर

पिवळेपणा. जुन्या टीव्हीत होता तोच इथे. सेटिंगमध्ये रंग वॉर्म होता, तो मी कूल केला. अजून कूल केला. शेवटच्या टोकाला नेल्यावर पांढरा पांढरा दिसला. समाधान वाटलं.

संध्याकाळी सिंधूची मालिका. तिचं म्हणणं, नायिका निळी पडलीय, विहिरीतून काढल्यासारखी दिसते. तात्या दारातून डोकावले आणि विचारलं, 'ही बाई गारठलीया व्हय?' सगळे हसले. रंगाची समज उपजत असावी लागते, त्याला इलाज नाही. सेटिंगला कुणी हात लावायचा नाही असा आदेश काढला.

२६ ऑक्टोबर

धूसरपणाचं कारण सापडलं. खिडकीचा उजेड काचेवर पडतो. शेततळ्याचा उरलेला काळा कागद दोन्ही खिडक्यांना ठोकला. आता भर दुपारी बैठकीच्या खोलीत मिट्ट काळोख. मनिषा तांदूळ निवडायला ओसरीवर गेली. सिंधू माझ्या पायाला अडखळली आणि काय म्हणाली ते नोंदवण्यासारखं नाही.

धूसरपणा आहे तसाच.

२७ ऑक्टोबर

बातम्यांच्या चॅनेलचा शिक्का कोपऱ्यात सारखा राहिला तर ओएलईडीवर कायमचा उमटतो, असं वाचलं. बातम्या बंद केल्या. एवीतेवी ती पट्टी वाचता येत नव्हतीच.

३० ऑक्टोबर

योग्य अंतराची चाचणी. टेप लावून मोजलं.

नऊ फूट (कंपनीची शिफारस) : नापास.
सात फूट : माणूस आहे एवढं कळतं.
पाच फूट : कोण आहे ते कळतं.
तीन फूट : सुरेख.

निष्कर्ष : कंपनीची शिफारस चुकीची आहे. प्लॅस्टिकची खुर्ची तीन फुटांवर कायम केली. युवराज म्हणाला, मागून त्याला माझं डोकं तेवढं एचडी दिसतं. नव्या पिढीला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो.

१ नोव्हेंबर

बैठकीत मी एकटाच. सिंधू आणि मनिषा मालिका बघायला तात्यांच्या खोलीत जातात. युवराजही तिकडेच. तात्यांसकट चौघं दाटीवाटीने बसतात, जुन्या टीव्हीसमोर, आणि हसण्याचे आवाज इथपर्यंत येतात. त्यांना नव्या तंत्रज्ञानाचं आकर्षण कमी. मी तपासणी चालू ठेवली आहे.

३ नोव्हेंबर

तक्रार नंबर एक. ऋतिक बारामतीहून आला. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पडदे लावून पाहिले. म्हणाला, पॅनेलमध्ये एकही ठिपका मेलेला नाही. मग पुसट रेघा कशाच्या, असं मी विचारलं. त्याने काच पाहिली आणि फडक्याने पुसली. म्हणाला, 'काका, नाक लागतंय हितं.'

जाताना त्याने मला सोफ्यावर बसवून मेनूतली अक्षरं वाचायला लावली. मी म्हटलं, अक्षरंच बारीक दिलीत तुमच्या कंपनीने. त्याने डोळे तपासलेत का, असं विचारलं. मुलगा आज्ञाधारक आहे, पण ग्राहकावर ढकलायची सवय लागलीय. माझ्या सेवापुस्तकात तेहतीस वर्षांत नजरेबद्दल एकही प्रतिकूल शेरा नाही, हे त्याला ऐकवलं.

७ नोव्हेंबर

कारखान्याचा हंगाम सुरू. आज दिवस मावळताना सणसरहून सिंधूला घेऊन मोटरसायकलवर येत होतो. समोरून येणाऱ्या गाड्या हल्ली एवढे प्रखर दिवे लावतात की रस्त्यावर नुसती फुलं फुलतात. उसाची ट्रॉली कडेला उभी. मागे रिफ्लेक्टर नाही, काही नाही. सिंधू ओरडली म्हणून ब्रेक मारला. उसाचं वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, माझ्या तोंडाला लागलं, इतके जवळ गेलो होतो.

सिंधू उतरली. रिफ्लेक्टर आहे, तिने बोटाने दाखवलं. दोन होते, लाल. चिखलाने माखले असतील. ती बसली नाही, चालत निघाली. मी गाडी ढकलत मागे मागे. तिचा हात धरावा असं वाटलं, पण माझे दोन्ही हात हँडलवर होते.

घरी आल्यावर तिने मनिषाला सांगितलं, इथून पुढं वडापच्या जीपनं जाईन. साखर आयुक्तांना ट्रॉल्यांबद्दल पत्र लिहायचं ठरवलं आहे.

१२ नोव्हेंबर

लिहावं की नाही, विचार केला. नोंद पूर्ण असावी.

काल तात्यांचे गुडघे दुखत होते म्हणून संध्याकाळी मेंढरं मी आणली. सहा मोजली, कुंपणाच्या वाड्यात घातली, कवाड लावलं. आज सकाळी तात्या काठी टेकत वाड्याशी उभे. मला हाक मारली. म्हणाले, 'मानसिंगा, ह्यातलं एक आपलं न्हाय.'

खरंच नव्हतं. शेजारच्या संदेशचं होतं. आमची चांदी, जिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, ती रात्रभर त्याच्या वाड्यात. गणती बरोबर होती, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. धनगराच्या घरात परकं मेंढरू बांधलं गेलं. मेंढरं सगळी काळी, वेळ कातरवेळेची, त्यात धुकं. कुणाचंही झालं असतं.

ते मेंढरू तात्यांनीच दोरीला धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी संदेशच्या वस्तीवर नेऊन सोडलं. मला नेऊ दिलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी सिंधूला ते हळूच म्हणाले ते मला ऐकू आलं. 'त्याला दिसत न्हाय, आन सांगायबी येत न्हाय.' चार वर्षांपूर्वी तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना सगळ्यांच्याच डोळ्यांत दोष दिसतो.

१४ नोव्हेंबर

पॅनेल बदलून द्यायची मुदत संपत आली. दुकानातून फोनवर तीच टेप, पॅनेल ठीक आहे. एक जालीम उपाय सुचला. डोळ्यांच्या डॉक्टरकडून नजर निर्दोष असल्याचा दाखला घ्यायचा आणि तक्रार नंबर दोनला जोडायचा. मग बोला म्हणावं.

बारामतीच्या डॉक्टरांचा नंबर मिळेल का, असं मनिषाला विचारलं. अर्ध्या मिनिटात तिने वेळ घेतलीसुद्धा. नंबर मोबाइलमध्ये आधीपासूनच होता. सिंधू लगेच साडी बदलायला गेली. भेट सोमवारची आहे, हे तिला आठवण करून द्यावं लागलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर बाई तरुण आणि शांत. भिंतीवरचा तक्ता वाचायला दिला. तक्त्याची छपाई खराब होती. वरचं मोठं अक्षर सोडलं तर खाली सगळी मुंग्यांची रांग. मी तसं निदर्शनास आणून दिलं.

मग त्यांनी विचारलं, नक्की काय त्रास आहे? मी टीव्हीची संपूर्ण केस मांडली. चित्र धुरकट दिसतं. पांढरा रंग पिवळट दिसतो. दिव्याभोवती रिंगण येतं. जवळ गेलं तरच स्पष्ट होतं. उजेडात जास्त त्रास. वर्षभर हळूहळू वाढत गेलं. बाई भराभर लिहून घेत होत्या. महिनाभरात प्रथमच कुणीतरी मधे न बोलता माझं ऐकून घेतलं. फार बरं वाटलं. जुन्या टीव्हीलाही हेच सगळं होतं, तेही सांगून टाकलं.

डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं आणि कागद हातात दिला. मनिषाने वाचून दाखवला. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला, ऑपरेशन लवकर करावे. टीव्हीचा कागदावर कुठे उल्लेखच नाही.

टीव्हीतही थोडा दोष असू शकतो असं एक वाक्य घालता येईल का, मी विचारलं. बाईंनी सिंधूकडे पाहिलं. सिंधू म्हणाली, 'डाक्टरीणबाय, तारीख द्या.'

१८ नोव्हेंबर

ऑपरेशनची घाई नको. थंडी आहे. हंगाम आहे. शिवाय टीव्हीची तपासणी अर्धवट टाकणं बरोबर नाही. संक्रांतीनंतर बघू.

२० नोव्हेंबर

आबासाहेबांचा फोन. रिपोर्ट कुठवर आला? तांत्रिक कारणाने प्रलंबित आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, 'तुमी म्हनाल तवा, मला काय घाई न्हाय.' मग म्हणाले, रविवारी कळपासाठी मेंढा घ्यायचाय, चार बघून ठेवलेत, तुम्ही या आणि बोट दाखवा, बोट दाखवाल तो घेतो.

मला पडसं झालंय, असं मी सांगितलं.

झालेलं नाही. तेहतीस वर्षांत जनावर बघायला नाही म्हटलेलं हे पहिलं. खरं लिहायचं तर भीती वाटली. चार मेंढे समोर उभे राहतील, सगळे माझ्या बोटाकडे बघतील आणि मला चार काळे ढीग दिसतील. दोन वर्षांपासून हे असंच चाललंय. जनावराच्या मालकाला बोलतं करायचं आणि त्याच्या आवाजावरून शेरा मारायचा. हे कुणाला ठाऊक नाही. तात्यांना असेल.

मनिषाला म्हटलं, तारीख घे.

२७ नोव्हेंबर

उजव्या डोळ्याचं झालं. दुखलं नाही. वीस मिनिटं. आत कसली तरी गाणी लावली होती. वही युवराजने हातातून काढून घ्यायच्या आत एवढंच.

२९ नोव्हेंबर, सकाळी

लिहू नका असं सांगितलंय. मोठ्या अक्षरांत लिहितो आहे.

काल दवाखान्यात पट्टी काढली. पहिल्यांदा दिसला तो भिंतीवरचा तक्ता. छपाई उत्तम आहे. मग सिंधू. तिचे कानामागचे केस पांढरे झालेत. कधी झाले म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'वरीस झालं की.' आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली. येताना गाडीत मी तिचा हात धरून बसलो होतो. युवराज पुढे बसला होता, त्याला आरशातून दिसलं असेल. दिसू दे.

घरी आल्या आल्या नवा टीव्ही लावला. काळा म्हणजे खरा काळा. रिंगण नाही, धुरळा नाही. नायिका मात्र निळीजांभळी, खरंच विहिरीतून काढल्यासारखी. आठवडाभर तरी या बायकांनी हे सहन केलं. रंग होता तिथे नेऊन ठेवला. खिडक्यांचा कागद उपसून काढला. काचेवर नाकाच्या उंचीला डागांची रांग होती, ती स्वतः पुसली. पूर्ण गुण द्यायला हरकत नाही, असं ठरवून शेरा लिहायला पेन काढलं.

तेवढ्यात तात्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज. जाऊन दारात उभा राहिलो. चौघंही जुन्या टीव्हीसमोर. खोली बारा फूट लांब आहे. दारातून मला बातम्यांची खालची पट्टी अक्षर न् अक्षर वाचता आली. शेत हिरवंगार. जुन्या टीव्हीला काहीही झालेलं नाही. वर्षभर नव्हतं आणि आजही नाही.

तात्यांनी मान न वळवता विचारलं, 'दिसलं का?'

'व्हय', मी म्हटलं. त्यांनी खाटेवर सरकून जागा दिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आबासाहेबांना फोन केला. टीव्ही कोणताही घ्या, आधी डोळे तपासून घ्या, असा रिपोर्ट दिला. ते म्हणाले, माझ्या डोळ्यांची जानेवारीतच झाली की दोन्ही ऑपरेशनं, मानसिंगराव, तुमाला सांगितलं हुतं. असेल. त्यांनी मेंढाही आणलाय, स्वतःच्याच नजरेने. चांगला निघाला म्हणतात.

दिवस मावळायच्या आत तात्यांसोबत वाड्याशी गेलो. त्यांनीच बोलावलं. काळा चष्मा कपाळावर ढकलला. सहाही मेंढरं समोर आली आणि मला एकेकीची लोकर, कानाची चीर, डोळ्यांतलं पाणी, सगळं लख्ख दिसलं. तात्या म्हणाले, 'सांग बरं, कोन कोन हाय.'

चांदी ओळखली, कपाळावर ठिपका आहे म्हणून. बाकीच्या पाचांकडे मी बराच वेळ पाहिलं. पाचही अगदी स्वच्छ, आणि पाचही एकसारखी. तात्या वाट बघत होते. पंधरा वर्षं ही मेंढरं आणि त्यांच्या आया माझ्या दारात आहेत, आणि मी त्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

तात्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, 'असू दे. डावा डोळा व्हायचाय अजून. त्यो झाला की दिसंल.'

मी व्हय म्हटलं. वहीतही तसाच शेरा मारून ठेवतो : डावा डोळा बाकी.